ब्लूजसाठी ॲम्प निवडताना: खोलीपासून पेडलपर्यंत

इलेक्ट्रिक गिटारवरचा ब्लूज एका अरुंद पट्ट्यात राहतो. तार हलक्या हाताने छेडली की स्वर स्वच्छ आणि गोल निघतो. तीच तार जरा जोरात मारली की त्याच स्वराला खर येते, माणसाचा गळा भरून आल्यावर आवाज फाटतो तशी. नॉब न फिरवता, पेडल (आवाज बदलणारं, पायाने दाबायचं उपकरण) न दाबता, केवळ हाताच्या कमी-जास्त जोरावर हे दोन्ही आवाज मिळायला हवेत. स्वच्छ स्वराला खर यायला लागते त्या टप्प्याला वादक ‘ब्रेकअप’ म्हणतात. ब्लूजचा ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) शोधणं म्हणजे त्या ब्रेकअपच्या उंबरठ्यावर आरामात उभा राहणारा ॲम्प शोधणं.

हा आवाज कुणी ठरवून घडवला नाही. ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आले. तिथल्या क्लबांच्या गोंगाटात साधी लाकडी गिटार कुणाला ऐकूच जाईना, म्हणून ते इलेक्ट्रिककडे वळले. त्या काळचे ॲम्प लहान आणि गर्दी मोठी. मग नॉब वर, आणखी वर. ट्यूबांना (आवाज वाढवणाऱ्या, ॲम्पमधल्या काचेच्या नळ्यांना) ताण यायचा, स्पीकरचा कागद थरथरायचा आणि आवाज फाटायचा. त्या फाटण्यातच लोकांना भाव सापडला. पुढे काहीही विकत घेताना एवढं ध्यानात ठेवा: लहान ॲम्प, त्याच्या क्षमतेच्या काठावर.

आधी खोली बघा

बहुतेक जण ब्रँडपासून सुरुवात करतात. मी म्हणेन, वाजवणार कुठे ते आधी ठरवा. ट्यूब ॲम्प ठरावीक मोठ्या आवाजालाच ब्रेकअपला येतो. तेवढा आवाज तुमच्या जागेत चालणार नसेल तर तो ॲम्प कितीही नावाजलेला असला तरी तुमच्या कामाचा नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो. माझ्या आवडत्या वादकांच्या मागे दहा इंची चार स्पीकर असलेले मोठे ॲम्प दिसायचे, म्हणून मीही तसाच एक ४० वॉटचा घेतला. घरी त्याचा व्हॉल्यूम २ च्या पुढे कधी गेला नाही. दोन वर्षं तो कोरडा, सपाट आवाज ऐकत राहिलो आणि खोट माझ्या हातातच आहे असं धरून चाललो. एकदा मित्राकडे ५ वॉटचा, आठ इंची स्पीकरचा छोटा ॲम्प होता. तीच गिटार त्याला लावली, व्हॉल्यूम ७ वर नेला आणि तिसऱ्या तारेवर बेंड घेतला, म्हणजे तार बाजूला ओढून स्वर चढवला. स्वर वर चढता चढता हुंदका दिल्यासारखा फुटला. मोठा ॲम्प मी त्याच महिन्यात विकला.

वॉटचा हिशेब फसवा असतो. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॉट दहापट हवेत. म्हणजे ५० वॉटचा ॲम्प ५ वॉटच्या ॲम्पपेक्षा दहापट नव्हे, अंदाजे दुप्पट मोठा वाटतो. याचा दुसरा अर्थ असा की ५ वॉटचा ट्यूब ॲम्प पूर्ण उघडला तर तोसुद्धा भिंती हलवतो. घरात वाजवायचं असेल तर १ ते ५ वॉट किंवा वॉट कमी करायची सोय असलेला ॲम्प घ्या. ड्रमरसोबत वाजवायचं असेल तर १२ ते २२ वॉट हा सगळ्यात गोड टप्पा आहे. ४० वॉट लागतात ते मोठ्या मंचावर स्वच्छ आवाज टिकवायला. पण मोठ्या मंचावर बहुतेक वेळा ॲम्पसमोर माईक लावलेला असतो, त्यामुळे तिथेही २२ वॉट पुरतात.

मोठा ॲम्प घरात असेलच तर ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये अटेन्युएटर लावता येतो. तो थोडी ताकद गिळतो, त्यामुळे ट्यूबांवर ताण राहतो आणि आवाज मात्र खाली येतो. पाच-सहा डेसिबल कमी करायला तो उत्तम. त्याहून फार दाबलं की आवाज घुसमटतो, कारण स्पीकर हलायचाच थांबतो आणि ब्लूजच्या आवाजात स्पीकरचा वाटा मोठा असतो.

ट्यूब, ट्रान्झिस्टर की डिजिटल

ट्यूबवर ताण आला की ध्वनिलहरीचा माथा हळूहळू चपटा होतो. साध्या ट्रान्झिस्टर सर्किटमध्ये तो एकदम कापला जातो. म्हणून ट्यूबमध्ये स्वच्छपासून खरखरीपर्यंतचा उतार लांब आणि मऊ असतो, आणि तुमच्या बोटांना खेळायला जागा त्या उतारावरच मिळते. पैसे आणि जागा दोन्ही असतील तर ट्यूब घ्या, हे माझं स्पष्ट मत आहे.

तरीही ‘ट्यूबशिवाय ब्लूज नाही’ हे खरं नाही. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांनी अनेक वर्षं लॅब सिरीज एल५ वापरला आणि तो पूर्ण ट्रान्झिस्टरचा ॲम्प होता. त्यांना खरखर कमी हवी होती. स्वर स्वच्छ, भरदार आणि लांब गाणारा हवा होता. भाव ते कंपनातून आणि दोन स्वरांमधल्या मोकळ्या जागेतून आणत. तुमचा कल त्या बाजूला असेल तर चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प तुम्हाला कमी पडणार नाही.

डिजिटल ॲम्प आता इतके सुधारलेत की घरातल्या सरावासाठी मी ते बिनदिक्कत सुचवतो. बॉस काताना ५० ला अर्ध्या वॉटची सोय आहे. फेंडर टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब हा २०१९ मध्ये आलेला डिजिटल ॲम्प मागच्या बटणाने ०.२ वॉटपर्यंत खाली येतो. असा ॲम्प घेतलात तर एक पथ्य पाळा: एकच आवाज निवडा आणि महिनाभर तोच ठेवा. पन्नास आवाजांमधून फिरत राहिलात तर एकाही आवाजाशी हाताची ओळख होत नाही.

तीन घराणी

ट्यूब ॲम्पचे शेकडो प्रकार आहेत, पण ब्लूजपुरती तीन घराणी ओळखता आली की बाकीचं सोपं होतं.

पहिलं ट्वीडचं. १९५० च्या दशकातले फेंडर ॲम्प, बाहेरून पिवळसर कापड चढवलेले. त्यातला ५ई३ सर्किटचा डिलक्स साधारण १२ ते १५ वॉटचा, दोन ६व्ही६ ट्यूबांचा. दोन व्हॉल्यूम आणि एकच टोन नॉब, आणि त्यातही एका चॅनेलचा (गिटार लावायच्या दोन वाटांपैकी एकीचा) व्हॉल्यूम फिरवला की दुसऱ्या चॅनेलच्या आवाजात फरक पडतो. हा लवकर फाटतो आणि मध्यम पट्टीत जाड वाजतो. जोरात मारलं की क्षणभर दबतो आणि मग फुलतो. या दबण्याला ‘सॅग’ म्हणतात. वीजपुरवठ्यातली रेक्टिफायर ट्यूब धापा टाकते म्हणून ते होतं. संथ ब्लूजमध्ये हे दबणं सोन्यासारखं वाटतं. झपाट्याच्या तालात मात्र तेच आवाज ढिला करतं. याच काळातला ५एफ६-ए बासमन खरं तर बास गिटारसाठी काढला होता. दहा इंची चार स्पीकर आणि ४० च्या वर वॉट. गिटारवाल्यांनी तो पळवला आणि गिटारवादक बडी गाय यांच्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारमागे तो शोभून दिसला.

दुसरं ब्लॅकफेसचं, १९६० च्या दशकातले काळ्या पट्टीचे फेंडर. डिलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा, सुपर रिव्हर्ब त्याहून बराच मोठा. यांचा आवाज उजळ आणि मोकळा, मध्यम पट्टी थोडी आत गेलेली. स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगने आवाजाला घुमारा देणारी सोय, आतच बसवलेला असतो. ती सोय फेंडरने पहिल्यांदा १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये दिली. डिलक्स रिव्हर्बला मिडल नॉब नाही, हे घेण्याआधी माहीत असू द्या, कारण मध्यम पट्टी हवी झाली की ती पेडलने किंवा गिटारने आणावी लागते.

तिसरं ब्रिटिश. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात बासमनचं सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ घडला. १९६६ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेऑल यांच्या बँडसोबत ध्वनिमुद्रण केलं तेव्हा त्यांच्यामागे याच कुळातला कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) होता आणि हातात लेस पॉल गिटार. स्टुडिओतही त्यांनी तो मंचावरच्यासारखा उघडून वाजवला. दाट मध्यम पट्टी, लांब टिकणारा स्वर.

नव्याने घेणाऱ्याला मी आधी ६व्ही६ ट्यूबांचे ॲम्प ऐकायला सांगतो: मऊ, लवकर ब्रेकअपला येणारे. ६एल६ चा खर्ज घट्ट, त्या उशिरा फाटतात. ईएल८४ लवकर फाटतात आणि वरच्या पट्टीत जरा चावतात. फेंडर ब्लूज ज्युनिअर हा १५ वॉटचा ॲम्प त्यांच्यावरच चालतो. ईएल३४ म्हणजे मध्यम पट्टीतली गुरगुर.

स्पीकर विसरू नका

वेगवेगळ्या स्पीकरांची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॉटवर तो किती मोठा वाजतो ते, वेगळी असते. ९७ डेसिबलच्या जागी १०० डेसिबलचा स्पीकर बसवला तर फरक वॉट दुप्पट केल्याइतका पडतो. म्हणजे घरासाठी ॲम्प थोडा शांत हवा असेल तर कमी संवेदनशील स्पीकर लावणं हा अटेन्युएटरपेक्षा सरळ उपाय आहे. बारा इंची स्पीकर भरदार, दहा इंची चपळ. आठ इंची छोट्यातून डब्यासारखा आवाज येतो आणि मला तो फार आवडतो. बदलताना ओहमचा (विजेच्या अडथळ्याचा) आकडा तोच ठेवा आणि स्पीकरची वॉटक्षमता ॲम्पच्या वॉटपेक्षा चांगली दुप्पट घ्या.

दुकानात काय वाजवायचं

स्वतःची गिटार घेऊन जा. दुकानातल्या गिटारवर ॲम्प पारखला तर तुम्ही ती गिटार पारखताय. ॲम्पचे टोन नॉब मध्यावर, रिव्हर्ब शून्यावर. रिव्हर्ब दोष झाकतो, म्हणून तो शेवटी.

आता गिटारचा व्हॉल्यूम १० वर ठेवा आणि ए सुरात वाजवा. तिसऱ्या तारेवरचा पाचवा पडदा दाबा. हा सी, म्हणजे ए चा कोमल गंधार. तो अगदी किंचित वर खेचा. पुढच्या पडद्यापर्यंत, म्हणजे शुद्ध गंधारापर्यंत, न्यायचा नाही. अध्येमध्ये कुठेतरी सोडायचा. ब्लूजचा जीव त्या दोन गंधारांमधल्या फटीत आहे. ॲम्पचा व्हॉल्यूम २ वर असताना हा स्वर हळू वाजवा, मग जोरात. मग ३ वर, मग ४ वर. एका ठिकाणी असं होईल की हळू वाजवलं तर स्वर स्वच्छ राहतो आणि जोरात वाजवलं तर त्याच्या सुरुवातीला खर येऊन मग तो उघडतो. तिथे थांबा. तो नॉब किती आकड्यावर आहे आणि तेवढा आवाज तुमच्या खोलीत चालेल का, या दोन गोष्टी लिहून घ्या. निम्मा निर्णय इथेच होतो.

आता ॲम्पला हात न लावता गिटारचा व्हॉल्यूम ६ वर आणा. आवाज स्वच्छ व्हायला हवा, पण मेलेला नको. झाकण ठेवल्यासारखा वाटला तर आधी गिटारमधली वायरिंग तपासा. व्हॉल्यूम नॉबवर ‘ट्रेबल ब्लीड’ नावाचा छोटा कपॅसिटर बसवला की बराच फरक पडतो. ती सोय असूनही आवाज मरत असेल तर तो ॲम्प सोडा.

मग ए सेव्हन कॉर्ड वाजवा आणि त्यातले स्वर वेगळे ऐकू येतात का बघा. लापशी झाली तर बास कमी करून पुन्हा बघा. एकटा स्वर सुंदर आणि कॉर्ड गिचमिड अशा ॲम्पवर लीड छान निघते, पण ब्लूजमध्ये तुमचा अर्धा वेळ गायकामागे ताल धरण्यात जातो. शेवटी काहीही न वाजवता मिनिटभर गप्प बसून ऐका. थोडी गुणगुण असतेच. मोठा घोंघाट, चरचर, मधूनच फटफट असेल तर कारण विचारा.

गिटार: पिकअप, तारा, उंची

इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, पण मी त्यावर ठाम आहे: असलेली गिटार नीट सेट करून घ्या आणि पैसे ॲम्पवर घाला.

पिकअप म्हणजे तारेची थरथर टिपणारा, चुंबक आणि तारेच्या गुंडाळीचा भाग. एकाच गुंडाळीचा सिंगल कॉइल पिकअप चमकदार असतो, त्यात स्वराची सुरुवात स्पष्ट येते. त्याची गुणगुण मात्र सोबत येते. दोन गुंडाळ्यांचा हंबकर ती गुणगुण मारतो, आवाज जाड करतो आणि ॲम्पला लवकर ब्रेकअपला नेतो. पी-९० नावाचा पिकअप त्यांच्या मधला, आणि छोट्या ॲम्पसोबत त्याची जोडी अप्रतिम जमते. ब्लूजसाठी फार गरम पिकअप नकोत. ते ॲम्पला सतत ताणून ठेवतात आणि हळू वाजवण्याची जागाच संपते. पिकअपची उंचीही बघा. शेवटचा पडदा दाबून जाड तारेच्या बाजूला अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेच्या बाजूला दोन मिलिमीटर अंतर, इथून सुरुवात करा. पिकअप फार जवळ आणले तर चुंबक तारेला ओढतो आणि स्वर बेसूर थरथरतो.

तारांबद्दल ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन यांचं उदाहरण देऊन नवशिक्यांना घाबरवलं जातं. ते ०.०१३ इंचाच्या तारा वापरत हे खरं, पण गिटार अर्धा सूर खाली लावत. आणि बी. बी. किंग यांची पहिली तार ०.०१० होती. दहापासून सुरू करा. मींड घेताना बोट मोकळं राहिलं पाहिजे. तारांची उंची बाराव्या पडद्यावर दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवा. जुन्या घडणीच्या, ७.२५ इंच त्रिज्येच्या गोलसर फिंगरबोर्डवर तारा फार खाली असतील तर वरच्या पडद्यांवर बेंड घेताना स्वर मधेच गुदमरतो. हा दोष लोक ॲम्पच्या माथी मारतात.

पिक कुठला घ्यायचा यावर मी वेळ घालवणार नाही, पण पिक बाजूला ठेवूनही वाजवून बघा. अल्बर्ट किंग अंगठ्याने वाजवत, ह्यूबर्ट समलिन बोटांनी. काठावरच्या ॲम्पवर अंगठ्याचा आणि पिकचा स्वर इतका वेगळा येतो की दुसरं पेडल घेतल्यासारखं वाटतं.

पेडल

ॲम्प काठावर उभा असेल तर एकच ओव्हरड्राइव्ह (आवाजाला खर आणणारं पेडल) पुरतो. आयबनेझ ट्यूब स्क्रीमर ब्लूजमध्ये रुजला त्याला कारण आहे. तो खर्ज थोडा कापतो आणि ७०० हर्ट्झच्या आसपासची मध्यम पट्टी पुढे आणतो. ब्लॅकफेस ॲम्पमध्ये नेमकी तीच आत गेलेली असते, म्हणून ही जोडी कुलूप-किल्लीसारखी बसते. नवीन माणूस ड्राइव्ह नॉब वर आणि लेव्हल खाली ठेवतो. तुम्ही उलट करा. ड्राइव्ह घड्याळाच्या आठ-नऊवर, टोन बारावर, लेव्हल तीनवर. पेडलने आवाज फाडायचा नाही, ॲम्पला ढकलायचं आणि फाटणं ॲम्पवर सोडायचं. ट्वीड किंवा ब्रिटिश ॲम्पमध्ये मध्यम पट्टी आधीच भरपूर असते. तिथे ट्यूब स्क्रीमर नाकात बोलल्यासारखा वाटतो, म्हणून साधा बूस्टर (फक्त ताकद वाढवणारं पेडल) घ्या.

सूर जुळवायचा ट्यूनर मात्र हवाच, पेडलांच्या साखळीत सगळ्यात आधी. बेंड घेऊन घेऊन तारा उतरतात. ॲम्पला रिव्हर्ब नसेल तर रिव्हर्बचं पेडल घ्या. केबल तीन ते सहा मीटरची ठेवा, त्याहून लांब केबल वरची पट्टी खाते.

सेटिंग कुठून सुरू करायची

बास ४, मिडल ६, ट्रेबल ५, रिव्हर्ब अडीच. मग व्हॉल्यूम काठापर्यंत. व्हॉल्यूम वाढवाल तसा बास कमी करत जा, कारण ताण आला की खर्ज सगळ्यात आधी ढिला पडतो. हंबकर असेल तर बास ३ पासूनच धरा.

घरी लावलेलं सेटिंग मंचावर तसंच ठेवू नका. कमी आवाजात कानाला खर्ज आणि वरची पट्टी दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण ते वाढवून ठेवतो. मोठ्या आवाजात तेच घुमायला आणि टोचायला लागतं. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याच्या शेजारी उभे असाल तर त्याचा धारदार भाग तुमच्या गुडघ्यांवर जातो आणि समोरच्यांच्या कानांवर आदळतो. ॲम्प तिरका करा किंवा खुर्चीवर ठेवा. पाठ उघडी असलेला ॲम्प भिंतीपासून फूटभर पुढे ओढला की मोकळा श्वास घेतो.

जुना ॲम्प घेताना, आणि घेतल्यावर

मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज आधी वाचा. अमेरिकेसाठी बनवलेला १२० व्होल्टचा ॲम्प २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावला तर जळेल. त्याला योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. नॉब फिरवताना चरचर आली तर घाबरू नका, ते सफाईने जातं. सतत घोंघाट असेल तर बहुधा फिल्टर कपॅसिटर थकलेले असतात, त्याचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो आणि तो महागात पडतो. स्पीकरला गिटारची केबल लावू नका, स्पीकरची जाड केबलच हवी. आणि ॲम्प उघडायच्या फंदात पडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात, ते जीव घेऊ शकतात. ते काम जाणकार तंत्रज्ञाचं.

छोटी प्रीॲम्प ट्यूब मात्र, बहुधा १२एएक्स७, ॲम्प बंद करून गार झाल्यावर तुम्ही स्वतः बदलू शकता. कुठली बिघडलीय ते कळायला ॲम्प चालू ठेवून लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका ट्यूबवर हलकी टिचकी द्या. बारीक टकटक आली तर ठीक. जिच्यावर टिचकी मारताच स्पीकरमधून टण्ण असा घंटेसारखा नाद घुमत राहील, ती बदला. पॉवर ट्यूबा (स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या ट्यूबा) बदलायची वेळ आली तर जुळणारी जोडी घ्या आणि बायस (ट्यूबांमधून किती वीज वाहते याचं सेटिंग) तपासायला ॲम्प तंत्रज्ञाकडे न्या.